गार इंजिनाची टिकटिक

सातारा-सांगलीकडे घरातली मोठी गाडी सहजासहजी विकली जात नाही. थोरल्याने घेतलेली धाकट्याकडे येते. निकाहची वरात, ईदला गाव, मिरजेचा दवाखाना, सगळे तिच्यावरच. टाटा सुमो 1994 मध्ये आली, सफारी 1998 मध्ये, महिंद्राची स्कॉर्पिओ 2002 मध्ये. त्यातल्या कितीतरी अजून पळतात.

या वयाच्या गाड्यांत एक दुखणे हमखास भेटते. सकाळी इंजिन सुरू करताच बॉनेटखालून टिकटिक किंवा फुसफुस ऐकू येते, गाडी तापली की थांबते. आवाज थांबला, म्हणून आपण निर्धास्त होतो. खरे तर लोखंड तापून फुगते आणि फट तात्पुरती बुजते, एवढेच.

ही फट बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डची असते. सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा हा बहुतेक गाड्यांत बिडाचा भाग. बीड म्हणजे काय हे आपल्या भागाला सांगायला नको, किर्लोस्करवाडीत 1910 पासून ओतकाम चालते. बीड उष्णता सोसते, पण वाकत नाही, तडकते. अर्धा मीटर लांबीचा मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापला तर जवळपास तीन मिलिमीटर वाढतो. त्याला धरून बसलेले इंजिनचे हेड मात्र पाण्याने थंड राहते. ही ओढाताण स्टडवर येते आणि बहुधा टोकाचे स्टड आधी तुटतात. हा कुणा एका कंपनीचा दोष नव्हे.

त्यात आपले घाट. भरलेली गाडी पसरणी किंवा खंबाटकी चढून आली की मॅनिफोल्ड धगधगत असतो. तशीच पावसाच्या डबक्यात घातली किंवा वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून पाण्याचा फवारा मारला, तर चीर पडायला वेळ लागत नाही. गाडी धुवायची तर इंजिन निवू द्यावे.

खर्च वाढतो तो उशिराने. सुरुवातीला नुसते पॅकिंग गेलेले असते, तेव्हा काम स्वस्तात होते. तसेच पळवत राहिले तर गरम वायू फटीतून सुटून हेडचा पृष्ठभाग खातो. टर्बोच्या गाडीत दाब कमी पडतो, चढावर दम लागतो, काळा धूर येतो. मग कुणीतरी टर्बो बदलायला सांगतो. आधी मॅनिफोल्ड तपासून घ्या, काळी काजळी गळतीची जागा दाखवते. स्टड हेडमध्येच तुटला असेल आणि निघत नसेल, तर अख्खे हेड उतरवावे लागते. तिथे मजुरी सुट्या भागापेक्षा जड होते.

वेल्डिंगने भागेल का, हे सगळेच विचारतात. भागते, पण बीड आधी तापवून, निकेलच्या रॉडने जोडून, सावकाश निवू द्यावे लागते. घाईत मारलेला टाका शेजारीच पुन्हा तडकतो. मिस्त्रीला एवढे विचाराच: मॅनिफोल्ड सपाट आहे का, वाकला असेल तर फेसिंग करून देणार का, सगळे स्टड नवे घालणार का? जुना भाग हातात मागून घ्या. भला मिस्त्री यावर रागावत नाही.

पैशांहून मोठी गोष्ट मागच्या सीटवर बसलेली असते. गळका वायू ब्लोअरवाटे आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. डिझेलपेक्षा पेट्रोल आणि गॅसच्या गाडीत तो जास्त. प्रवासात मुलांचे डोके दुखू लागले, मळमळ झाली, तर दरवेळी घाटाला दोष देऊ नका. लगेच काचा उघडा, गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. त्रास कमी झाला नाही तर सरळ दवाखाना गाठा. अशी गाडी उभी करून, एसी लावून तिच्यात झोपणे तर पूर्ण टाळावे.

एमएच 11 असो वा एमएच 10, खासगी गाडीला पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी होऊन पाच वर्षांची मुदत मिळते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झाले, पर्यावरण कर वेगळा. तेव्हा ते पैसे भरण्याआधी एका सकाळी गार इंजिन सुरू करून मिस्त्रीला शेजारी उभे करा. दुपारी तापलेली गाडी दाखवून काही कळत नाही.