परंदवडीच्या अंगणात जुना सिनेमा

सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की परंदवडी. दिवाळीच्या सुट्टीत मावळातल्या अशा गावांत शहरातले मित्र जमतात. भात कापणीला आलेलं असतं, रात्री गारठा पडू लागतो. अंगणातल्या भिंतीवर पांढरी चादर ताणायची, प्रोजेक्टर लावायचा आणि शेजारच्या घरांनाही बोलवायचं. माझं ठाम मत आहे, की जुने मराठी चित्रपट असेच पाहावेत. ते चारचौघांनी मिळून पाहण्यासाठीच घडवलेले आहेत. फोनच्या पडद्यावर एकट्याने पाहताना त्यांचं निम्मं बळ जातं.

‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओत विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, पण त्याचं खरं घर इथलं आहे. परंदवडीहून देहू आणि भंडारा डोंगर लांब नाहीत. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहताना वारकरी घरातली म्हातारी माणसं आजही हात जोडतात. गौरीबाईंची आवली तर विलक्षणच. पोर आजारी पडल्यावर ती पायताण घेऊन थेट विठोबापुढे उभी राहते, तेव्हा अंगणातल्या सगळ्या बायका एकदम तिच्या बाजूच्या होतात. त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी असा लिहिला, की तो तुकोबांचाच आहे असं अनेकांना वाटत आलं. हे सांगितलं की तिथेच वाद रंगतो, आणि रंगू द्यावा.

हे चित्रपट आपल्या हाती उरले हेही थोडं नव्हे. जुनी नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून रिळं गोळा केली. तरी २००३ च्या आगीत नायट्रेटवरचा मोठा ठेवा जळाला. त्याची हळहळ मला अजून वाटते.

हसण्याच्या रात्रीसाठी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आहेच. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला, पण वसंत सबनीसांच्या संवादांनी अस्सल पुणेरी झालेला. सुधीर जोशींचे घरमालक पडद्यावर यायच्या आधीच पोरं त्यांची वाक्यं म्हणू लागतात. नोकरीसाठी गाव सोडून खोली शोधलेल्या मित्रांना त्यातली घरासाठीची धडपड वेगळीच भिडते.

‘सामना’ची गोष्ट निराळी. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. साखर कारखानदाराच्या सत्तेखाली गाडल्या गेलेल्या मारुती कांबळेचा प्रश्न मावळात नुसत्या सिनेमाचा राहत नाही. ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणातून पाणी नेणाऱ्या जलवाहिनीविरोधी आंदोलनात, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. चित्रपट संपला की गावातले मित्र त्यावर बोलू लागतात. धरण कुणाच्या जमिनीवर झालं, पाणी कुठे गेलं, रस्त्यालगतच्या जमिनी कुणी विकल्या आणि कुणी घेतल्या. बंगला बांधलेला शहरी मित्रही तिथेच बसलेला असतो, आणि त्याला ऐकावं लागतं.

म्हणून ‘सामना’ सुट्टीच्या शेवटच्या रात्री लावू नये. सकाळी परतीची गाडी असते आणि बोलणं अर्धं तुटतं. तो पहिल्याच रात्री लावावा.