धूर वर का चढत नाही?

डिसेंबर-जानेवारीतली एखादी पहाट. गोरेगाव स्टेशनवरून पूर्वेला आरे दुग्ध वसाहतीकडे जा. १९४९ साली वसवलेल्या या वसाहतीत झाडी भरपूर. त्यामुळे गारवा चांगलाच जाणवतो. पाड्यांवर कुठे कुठे शेकोटी पेटलेली दिसते. नीट पाहा बरे! धूर थोडा वर जातो आणि मग झाडांच्या शेंड्यांशी चादरीसारखा आडवा पसरतो. उन्हे चढली की मात्र तो वर निघून जातो. असे का?

गरम हवा हलकी असते, हे तुम्ही शिकला आहात. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. १०० अंशांना तेवढीच जागा व्यापणारी हवा ०.९५ किलोग्रॅमच भरते. पण हलकी म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा हलकी! निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन लवकर निवते. तिला टेकलेली हवा गार होते आणि वर उबदार थर राहतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. चढता चढता निवलेला धूर या थराशी पोचला, की तो भोवतालच्या हवेपेक्षा हलका उरत नाही. तो तिथेच अडकतो.

हीच अडचण घरातही येते. महाबळेश्वरच्या काही जुन्या बंगल्यांत भिंतीत शेकोटी आणि तिच्यावर धुराडे असते. थंड धुराड्यात गार, जड हवा बाटलीच्या बुचासारखी बसते. खाली लाकडे पेटवली, तर धूर खोलीतच परततो. म्हणून जाणती माणसे आधी कागदाची सुरळी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरतात. आतली हवा तापून वर निघते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. मग बारीक काटक्या आणि त्यांवर सुकी लाकडे रचायची. ओले लाकूड नको. त्यातल्या एकेका ग्रॅम पाण्याची वाफ होण्यात सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्च होते. पाणी तापवायच्या आपल्या तांब्याच्या बंबातली मधली नळी म्हणजे असे छोटे धुराडेच!

धुराने डोळे चुरचुरतात, म्हणून तो निदान कळतो. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून थंडीत पेटती शेगडी खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून कधीही झोपू नका. झोपेतच जीव जाऊ शकतो.

आता एक प्रयोग. मोठ्या माणसांना सोबत घ्या. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा उंच डबा दोन विटांवर उभा ठेवा. विटांमधल्या फटीशी उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते पाहा. मग डब्याखाली मेणबत्ती लावून पुन्हा पाहा. धूर कसा आत ओढला जातो! तुमचे धुराडे सुरू झाले.