ताप उतरला तरी सावध असावे : विषाणूसंसर्गानंतर होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या

आजार बरा झाला म्हणजे धोका टळला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ताप उतरतो, भूक लागते आणि कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. तथापि कोविड-१९ च्या साथीने एक गोष्ट ठळकपणे दाखवून दिली : संसर्ग ओसरल्यावरही रक्तात गुठळी होण्याचा धोका काही काळ रेंगाळत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र नाहीसा झालेला नाही. म्हणूनच हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

रक्त गोठणे हे मुळात शरीराला लाभलेले वरदान होय. विळीने बोट कापले असता प्लेटलेट्स नावाच्या सूक्ष्म पेशी जखमेशी गोळा होतात, तंतूंचे जाळे विणले जाते व रक्तस्राव थांबतो. हीच क्रिया जखम नसताना शिरेच्या आत घडली, तर रक्ताची वाट अडते. याची तीन कारणे एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने आजही शिकवली जातात : रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा, रक्तप्रवाह मंदावणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. कोविडमध्ये ही तिन्ही एकत्र येऊ शकतात. संसर्गामुळे अस्तराचा दाह होतो, रक्त गोठविणारे घटक वाढतात आणि अंथरुणाला खिळल्याने पायांतील रक्त संथ वाहते.

स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक कोविडबाधितांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा वाढीव धोका सुमारे तीन महिने, तर फुफ्फुसात गुठळी अडकण्याचा धोका सहा महिन्यांपर्यंत आढळला. गंभीर रुग्णांत तो सर्वाधिक होता. पण सौम्य आजाराचे रुग्णही त्यातून पूर्णपणे सुटले नव्हते. मात्र भयभीत होण्याचे कारण नाही. पहिल्या ३० दिवसांत फुफ्फुसात गुठळी अडकलेल्यांचे प्रमाण १० हजारांत सुमारे १७ इतकेच होते.

पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर व बाळंतीण स्त्रिया, अतिस्थूल व्यक्ती आणि इस्पितळातून नुकतेच घरी आलेले रुग्ण यांनी विशेष जपावे. पुढील लक्षणे दिसताच विलंब न करता इस्पितळ गाठावे :

१) एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, त्वचा लाल वा गरम होणे.
२) अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे.
३) तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारची लक्षणे दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

याउलट, भीतीपोटी स्वतःच्या मनाने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणे घातक ठरू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूचा ताप पसरतो. त्यात प्लेटलेट्स घटतात व रक्तस्रावाचा धोका असतो. अशा वेळी ॲस्पिरिन घेणे जिवावर बेतू शकते. शेजाऱ्याला दिलेली गोळी आपल्याला चालेलच असे नाही. तसेच डी-डायमर या तपासणीचा आकडा वाढला म्हणजे गुठळी झालीच, असेही नव्हे. आजारपणामुळेही तो वाढतो. त्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा. ज्यांना डॉक्टरांनी अशी औषधे लिहून दिली आहेत, त्यांनी मात्र ती परस्पर बंद करू नयेत.

घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. शक्ती येईल तसे थोडे थोडे चालावे, तासन्‌तास एकाच जागी बसू नये, झोपून असताना पावले वरखाली हलवावीत आणि पुरेसे पाणी प्यावे. घरातील वडीलधारी माणसे दुखणे अंगावर काढतात. ‘पाय थोडा सुजलाय, होईल बरा’ असे ती म्हणाली, तरी तो पाय आपण स्वतः पाहावा. वेळीच ओळखलेल्या गुठळीवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत.