हाडांना हवा दणका!

मटणाच्या रश्शातली नळी कुणाकुणाला आवडते? पुढच्या वेळी ती चोखून झाली की लगेच टाकून देऊ नका. सांध्याजवळचा तुकडा वाट्याला आला असेल तर स्वच्छ धुवा, उजेडात धरा आणि त्याची कापलेली बाजू बघा. बाहेर टणक कवच आणि आत बारीक बारीक काड्यांची जाळी! काही काड्या उभ्या, काही तिरक्या, काही कमानीसारख्या वळलेल्या. (घरी मटण होत नसेल, तर विज्ञानाच्या बाईंकडे हाडाच्या छेदाचं चित्र मागा.)

तुमच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातही अशीच जाळी आहे. १८६० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात हेर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञांनी ती दाखवली, तेव्हा कार्ल कुलमान नावाचे इंजिनिअर थक्क झाले. वजन उचलणाऱ्या क्रेनमधून ताण कसकसा जातो, त्या रेषा ते कागदावर काढत असत. हाडातल्या काड्या जवळपास तशाच वळल्या होत्या! आता सांगा, मांडीच्या हाडाला इंजिनिअरिंग शिकवलं कुणी?

त्याचं उत्तर असं, की हाड एकदा बनलं आणि संपलं असं होतच नाही. माणसं आत राहत असतानाच जुन्या वाड्याची एकेक भिंत पाडून नव्याने बांधावी, तसं काम तुमच्या आत या क्षणीही चालू आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाडाला चिकटतात, आम्ल सोडून तिथलं खनिज विरघळवतात आणि छोटासा खड्डा करतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे येतात, कोलॅजन या प्रथिनाचे धागे टाकतात आणि त्यांच्यात कॅल्शियम व फॉस्फरसचं खनिज बसवतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. पाडायला दोन-तीन आठवडे पुरतात, बांधायला मात्र तीन-चार महिने लागतात. हा फरक लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

कुठे बांधायचं आणि कुठलं काढायचं, हे कोण ठरवतं? हाडातच मुक्काम ठोकून असलेल्या ऑस्टिओसाइट पेशी. तुम्ही दाणकन उडी मारलीत की हाड अगदी किंचित वाकतं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. त्याने हाडातल्या सूक्ष्म नळ्यांमधलं पाणी हलतं आणि या पेशींना लगेच कळतं, की इथे भार येतोय. बांधा! टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड होतं, ते यामुळेच. आणि भार आलाच नाही तर? पेशी म्हणतात, मग इथलं काढलं तरी चालेल.

अंतराळवीरांचं नेमकं हेच होतं. तिथे तरंगताना पायांवर वजनच येत नाही. त्यामुळे खुब्याच्या आणि पाठीच्या खालच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटू शकते. म्हणून अंतराळ स्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायाम करावाच लागतो. सुनीता विल्यम्स यांनी तर २००७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली, ४ तास २४ मिनिटांत! उडून जाऊ नये म्हणून पट्ट्यांनी बांधून घेऊन त्या धावत होत्या.

आता तुमच्याकडे येते. वयात येतानाच्या ऐन दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांचा जवळपास पाव हिस्सा भरला जातो. विशीपर्यंत बहुतेक सगळं बांधकाम उरकलेलं असतं. म्हणजे सहावी-सातवीत मैदानावर काय करता, हे तुमच्या हाडांत साठवलं जातं. लंगडी, खो-खो, फुगडी, दोरीवरच्या उड्या... माझ्या मते हाडांसाठी यांच्यासारखं औषध नाही. पोहणं आणि सायकल छान, पण त्यांत हाडांना दणका बसत नाही. म्हणून सोबत थोडं उड्या मारणंही हवंच.

बांधायला माल हवा, तो जेवणातून येतो. दूध, दही, ताक आहेच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिळात तर त्याच्या दुप्पटीहून जास्त. कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खाता ना? मग ते काटेही कामी येतात. फक्त हे कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते आपली त्वचा उन्हात बनवते. खिडकीच्या बंद काचेआडून आलेलं ऊन मात्र इथे उपयोगाचं नाही. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते.

मघाचा तो फरक आठवतोय? पन्नाशीच्या आसपास बायकांची पाळी थांबते आणि इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक खूप कमी होतं. पाडणाऱ्या पेशींना तेच आवर घालत असतं. आवर सुटला की खड्डे पडतात भराभर आणि बुजतात सावकाश. जाळीतल्या काड्या बारीक होतात, काही तुटूनच जातात. यालाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पुरुषांनाही तो होतो, बहुधा आणखी उतारवयात. धूम्रपान, वर्षानुवर्षं घेतलेली स्टिरॉइडची औषधं आणि नुसतं बसून राहणं यांनी धोका वाढतो. आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल तरीही.

मला काळजी वाटते ती एका गोष्टीची: हाड विरळ होताना दुखत नाही. काहीच कळत नाही आणि एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो, मनगट किंवा खुबा मोडतो. पाठीचा मणका तर न पडताही दबू शकतो आणि त्याने उंची कमी होते.

म्हणून या रविवारी एक काम करा. न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवरचं सरकणारं पायपुसणं उचला आणि तिथे रात्री दिवा राहील असं बघा. मग आजीला भिंतीला टेकून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. आजोबांनाही सोडू नका! तरुणपणी उंची किती होती, ते दोघांना विचारा. चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक निघाला, तर आईबाबांना सांगा, डॉक्टरांना दाखवा म्हणावं. हाडांची घनता मोजायला डेक्सा नावाची तपासणी असते. त्यात नुसतं पडून राहायचं, सुई नाही की दुखणं नाही, आणि हाडं विरळ निघालीच तर त्यावर औषधंही आहेत.