आधी पाणी, मग रस्ते, शेवटी घरं

रायगड जिल्ह्यातलं दासगाव हे मुळात बंदराचं गाव. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने आले ते याच बंदरात उतरले. पुढे वाहतूक खाडीवरून मुंबई-गोवा महामार्गावर गेली. गाव मात्र सावित्री नदी आणि डोंगर यांच्या मधेच राहिलं. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत तो डोंगर खचला. दासगावबरोबरच जुई, रोहन, कोंडिवते इथंही दरडी कोसळल्या. दासगावच्या दरडग्रस्तांनी पुढची कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. 22 जुलै 2021 रोजी दरड कोसळून तळिये गावावर तीच वेळ आली.

पुनर्वसनाचा विषय निघाला की सगळी चर्चा घराच्या चौरस फुटांवर होते. रस्ते बसतात ते प्लॉट पाडून उरलेल्या जागेत. हा क्रम उलटा करायला हवा.

सुरुवात पाण्यापासून करायची. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून नकाशावर आधी ओढे, वहाळ आणि पुराची रेषा आखायची, मगच रस्त्याची ओळ काढायची. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. भराव टाकून वहाळ अडवला की पाणी घरांत शिरतं. रस्ता उताराला आडवा, समान उंचीच्या रेषा धरून न्यावा. डोंगराच्या बाजूला गटार आणि प्रत्येक वहाळावर पुरेशी मोठी मोरी हवी. डांबरी रस्त्याला मधून कडांकडे शेकडा अडीचचा ढाळ दिला, तर पाणी साचत नाही.

मग वाहतूक मोजायची. नुसती वाहनं मोजून भागत नाही, कारण प्रत्येक वाहन सारखी जागा अडवत नाही. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात मोटार म्हणजे 1 एकक, दुचाकी अर्धं, एसटी किंवा ट्रक 3 आणि ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. समजा, सकाळच्या एका तासात 40 दुचाकी, 12 मिनिडोर, 8 मोटारी, 2 एसटी आणि 2 ट्रॉल्या गेल्या. मिनिडोर रिक्षात धरून 1 एकक घेतली, तर बेरीज होते 20, 12, 8, 6 आणि 9, म्हणजे 55. दोन ट्रॉल्यांचा भार अठरा दुचाकींइतका निघतो. मोजणी साध्या दिवशी करावीच, पण गणपतीत चाकरमानी येतात त्या दिवसांतही करावी.

या आकड्यांवरून रस्त्यांची उतरंड ठरते. चार-सहा घरांपुढची गल्ली, गल्ल्या गोळा करणारा वस्तीचा मुख्य रस्ता आणि तो जिथं मिळतो तो महामार्गालगतचा सेवा रस्ता. एकेरी रस्त्याला 3.75 मीटर डांबर पुरतं. एसटी आणि ट्रक समोरासमोर आले तर दोघांची रुंदी मिळूनच 5 मीटर होते. त्यामुळे मुख्य रस्ता निदान 5.5 मीटरचा, जमल्यास 7 मीटरचा धरावा.

सगळ्यात जास्त जिवावर बेततं ते महामार्गाच्या फाट्यावर. चार रस्ते एकत्र येणाऱ्या चौकात वाहनांच्या वाटा 32 ठिकाणी एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा एकमेकींपासून फुटतात. तीन रस्त्यांच्या तिठ्यावर अशी ठिकाणं फक्त 9. म्हणून समोरासमोरच्या दोन वाड्यांचे रस्ते एकाच जागी महामार्गावर आणू नयेत. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद, म्हणजे 55 मीटर, गेलेले असतात. गाडी पूर्ण थांबायला साधारण 120 मीटर लागतात. फाट्यावरून तेवढं अंतर स्वच्छ दिसलं पाहिजे. वळणावर किंवा खिंडीच्या तोंडाशी फाटा काढता कामा नये. शाळेची मुलं आणि बाजाराला निघालेल्या बायका यांच्यासाठी भुयारी मार्ग हवा, आणि तो एसटीच्या थांब्याला लागूनच हवा. लांबचा वळसा पडला तर माणसं दुभाजक ओलांडूनच जाणार.

शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वस्तीला बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, आणि दोन्ही एकाच वहाळावरून किंवा एकाच कड्याखालून जाता कामा नयेत. दुसरी वाट रोजच्या हिशेबात खर्चिक दिसते. दरड किंवा पूर येईल त्या रात्री मात्र रुग्णवाहिका आणि जेसीबी तिथूनच आत येणार असतात. तेव्हा नव्या वसाहतीचा आराखडा ग्रामसभेपुढे आला की खोल्या मोजण्याआधी दुसऱ्या वाटेवर बोट ठेवायला सांगा. ती दाखवता आली नाही, तर आराखडा परत पाठवा.