जुनी मोटार आणि घाटाचा उतार

जुन्या मोटारीच्या बिघाडाविषयी बोलताना आपण बहुधा इंजिनाविषयीच बोलतो. रेडिएटर उकळला, पट्टा तुटला, पेट्रोल चढेना, अशा हकिकती घरोघरी आहेत. त्यांत खोळंबा होतो, पण गाडी थांबते, आणि ती कडेला घेता आली तर जिवावरचे संकट सहसा टळते. खरा धोका गाडी न थांबण्यात आहे.

बेळगावहून चोर्ला किंवा आंबोली घाट उतरणारी जुनी अ‍ॅम्बॅसडर घ्या. तिच्या आरंभीच्या नमुन्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर अवलंबून असत. एका चाकाजवळची रबरी नळी फुटली की चारही चाकांवरील दाब जातो. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ब्रेकची दुहेरी योजना सक्तीची झाली, ती हाच दोष ओळखून.

नळी शाबूत असूनही ब्रेक जाऊ शकतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडचा पावसाळा त्याला भरपूर ओलावा पुरवतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर ड्रम तापतात, तेल उकळते, नळीत वाफ धरते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जाऊन टेकते. गाडी निवल्यावर ब्रेक पूर्ववत लागतात आणि गॅरेजवाल्याला दोष सापडत नाही. हा बिघाड मला सर्वांत कपटी वाटतो.

पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची आपली जुनी खोड येथे घातक ठरते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार तापलेल्या ब्रेकवर पडतो.

अमेरिकेतील २००५ ते २००७ च्या पाहणीत सुमारे दोन टक्के अपघातांचे निर्णायक कारण वाहनातील बिघाड हे ठरले. त्यांत टायरचा वाटा सुमारे पस्तीस टक्के, ब्रेकचा बावीस टक्के. आकडा लहान दिसतो खरा. परंतु तपासणी मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या भागांची होती. उकळून पुन्हा निवलेले तेल तिला कसे दिसावे?

वडिलांची मोटार हौसेने जपणाऱ्यांनी म्हणूनच रंगापूर्वी नळ्यांकडे पाहावे आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. छपरीत उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण त्यांचे रबर वाळून तडकते. टायरच्या कडेवर ‘डॉट’ या खुणेपुढे शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘१२०९’ म्हणजे २००९ चा बारावा आठवडा. तीनच अंक दिसले तर तो टायर २००० पूर्वीचा असतो, मग त्याची नक्षी कितीही ठसठशीत असो.