नाट्यस्थल आणि नाटकांची निवड

एखादा विद्यापीठीय नाट्यविभाग वर्षारंभी आपले नवे प्रयोग जाहीर करतो आणि त्याच सुमारास त्याला नवे नाट्यगृहही लाभते, तेव्हा या दोन घटनांची नोंद सामान्यतः दोन निरनिराळ्या खात्यांत होते. नाटकांची यादी साहित्याचे अभ्यासक पाहतात. इमारतीचा विचार अभियंते व हिशेबनीस करतात. ही विभागणी सोयीची असली तरी फसवी आहे. प्रेक्षकाचे नटापासूनचे अंतर किती, डोक्यावर छप्पर आहे की आकाश, मागे पडदा आहे की पडकी भिंत, यांवर कोणती संहिता हाती घ्यावयाची हे पुष्कळ अंशी ठरत असते. पुढे शिक्षणसंस्थेने निवडलेली संहिता भाषांतरित होते, छापली जाते आणि अभ्यासक्रमात स्थिरावते. म्हणूनच नाट्यस्थलाचा प्रश्न भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला परका मानता येणार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

हा संबंध भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. ‘नाट्यशास्त्रा’चा दुसरा अध्याय मंडपविधानालाच वाहिलेला आहे. विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे आकाराचे, तसेच ज्येष्ठ, मध्यम व अवर असे मापाचे तीन तीन प्रकार सांगून भरताने मर्त्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मंडप प्रशस्त ठरविला आहे. हात दीड फुटाचा धरल्यास हे माप ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद असे होते. याहून मोठ्या मंडपात उच्चारलेला शब्द विस्कटतो आणि मुखावरील भाव दिसेनासे होतात, हे त्याने दिलेले कारण लक्षणीय आहे. नटाचा आवाज आणि नटाचा चेहरा जेथवर पोहोचतो तेथवर मंडप असावा, असा हा विचार आहे. संहितेतील शब्दाचे मोल कोणत्या जागेत किती राहते, हा प्रश्न त्यात गृहीत धरलेला आहे.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना संगीत नाटक अकादमीने १९५९ मध्ये केली. १९६२ मध्ये इब्राहिम अल्काझी संचालक म्हणून आले व १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले. पुण्यात जन्मलेल्या आणि लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेल्या अल्काझींनी त्याआधी मुंबईत कंबाला हिल येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर एक छोटे नाट्यस्थल उभारले होते. त्याचे नाव ‘मेघदूत’. दिल्लीत रवींद्र भवनाच्या आवारात वडाच्या झाडाखाली त्यांनी जे खुले रंगमंदिर घडविले त्यालाही त्यांनी तेच नाव दिले, आणि त्याच्या जोडीला सुमारे २०० प्रेक्षकांचे एक बंदिस्त प्रयोगगृह योजिले. या दोन जागांशिवाय दिल्लीतील ऐतिहासिक वास्तूंचे अवशेष हे त्यांचे तिसरे रंगमंच ठरले. १९६४ मध्ये विद्यालयाचे व्यावसायिक नटमंडळ सुरू झाले आणि या जागांना नियमित प्रयोगांची जोड मिळाली.

अल्काझींच्या पहिल्या दोन वर्षांतील दोन निर्मिती शेजारी ठेवून पाहाव्यात. १९६२ मध्ये मोहन राकेशांचे ‘आषाढ का एक दिन’ झाले, तर १९६३ मध्ये फिरोजशहा कोटल्याच्या अवशेषांत धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ झाले. पहिल्या नाटकाचे तिन्ही अंक मल्लिकेच्या घरातच घडतात. अंकागणिक त्या घराची होत जाणारी पडझड हाच कालिदासाच्या अनुपस्थितीचा हिशेब आहे. ही पडझड प्रेक्षकाला मातीच्या भांड्यांतून आणि वाळत घातलेल्या वस्त्रांतून वाचता आली पाहिजे. त्यासाठी जवळीक हवी. ‘अंधा युग’ याच्या अगदी उलट आहे. भारतीय युद्धाच्या अठराव्या संध्याकाळी सुरू होणारे हे काव्यनाट्य अलाहाबाद आकाशवाणीवरून ध्वनिक्षेपित झाले होते आणि सत्यदेव दुबे यांनी १९६२ मध्ये मुंबईत त्याचा प्रयोग केला होता. आकाशवाणीवर ज्याला स्थलच नव्हते त्याला कोटल्यात चौदाव्या शतकातील खऱ्या पडक्या भिंती मिळाल्या. प्रहरींच्या फेऱ्यांना चालण्याजोगे अंतर मिळाले, आणि उद्ध्वस्त हस्तिनापूर रंगविण्याची गरज उरली नाही.

जागेमुळे संहितेचा अर्थ किती बदलतो याचे अधिक बोधप्रद उदाहरण गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ होय. १९६४ मध्ये कन्नडमध्ये लिहिलेल्या या नाटकाची रचना पारशी कंपन्यांच्या पडद्यांच्या रंगभूमीवरून घेतली आहे, असे कार्नाडांनी स्वतःच सांगितले आहे. दरबाराच्या गंभीर प्रवेशांना मंचाची पूर्ण खोली द्यावयाची आणि रस्त्यावरील विनोदी प्रवेश पुढच्या पडद्यासमोर उथळ जागेत करावयाचे, म्हणजे तेवढ्यात मागचा देखावा बदलता येतो, अशी ती पद्धत होती. खोल मंच सत्तेचा आणि उथळ मंच अझीज व आझम यांच्यासारख्या भामट्यांचा, ही वाटणी नाटक जसजसे पुढे सरकते तसतशी ढासळते; या ढासळण्यातच राज्याच्या विघटनाचा आशय आहे. बी. व्ही. कारंत यांच्या हिंदुस्थानी भाषांतरावरून १९६६ मध्ये विद्यालयात याचा विद्यार्थी-प्रयोग झाला. पुढे १९७० नंतरच्या दशकात अल्काझींनी ते पुराना किल्ल्यात केले व मनोहर सिंग यांची भूमिका विशेष गाजली. सोळाव्या शतकातील त्या तटबंदीने नाटकाला भव्यता दिली यात शंका नाही. मात्र पडदाच नसल्यामुळे खोल व उथळ मंचाचा मूळ खेळ तेथे अर्थातच गौण झाला. मराठी वाचकाला हे नाटक विजय तेंडुलकरांच्या भाषांतरातून परिचित आहे. दौलताबादचे प्रवेश वाचताना त्याच्या मनात जो भूगोल उभा राहतो, त्याहून दिल्लीच्या किल्ल्यातील प्रेक्षकाने पाहिलेले ‘तुघलक’ वेगळे होते, हे येथे नोंदले पाहिजे.

आता मराठी नाटकांकडे वळता येईल. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. खेड्यातील एका सभागृहात वेळ घालविण्यासाठी मांडलेला खटल्याचा खेळ लीला बेणारेचा खरा खटला होतो, आणि ती बाहेर पडू पाहते तेव्हा दार उघडत नाही. ते दार ही या नाटकाची मध्यवर्ती वस्तू आहे. आकाशाखाली, तटाच्या पार्श्वभूमीवर हे नाटक करणे म्हणजे ते मोडणे होय. ‘खामोश! अदालत जारी है’ या रूपात दिल्लीच्या प्रेक्षकांपुढे ते मांडले ओम शिवपुरी यांच्या ‘दिशांतर’ने, म्हणजे विद्यालयात घडलेल्या कलावंतांच्या संस्थेने. मुंबईत अशाच जवळिकीची नाटके १९७४ पासून ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात केली. तेथे उंच रंगमंच आणि दर्शनी चौकट यांचा मोह टाळला गेल्यामुळे नवनाट्याच्या संहितांना हक्काचे घर मिळाले. याउलट शांता गांधी यांनी १९६८ मध्ये विद्यालयात सादर केलेले ‘जसमा ओडन’ गुजरातच्या भवाईवर आधारलेले होते. भवाईचा खेळ ‘चाचर’ नावाच्या मोकळ्या रिंगणात होतो आणि प्रेक्षक त्याच्याभोवती बसतात. त्या संहितेला चौकट दिली तर नायकाने प्रेक्षकांशी साधलेला संवाद एकतर्फी होतो.

या उदाहरणांतून एक अडचणीची गोष्ट पुढे येते. ज्याला आज ‘आधुनिक भारतीय नाटक’ म्हणून देशभर शिकविले जाते, त्या संचातील बरीच नाटके दिल्लीत हिंदी भाषांतरातून आल्यावर अखिल भारतीय ठरली. कोणत्या नाटकाचे भाषांतर व्हावे याला साहित्यगुणांबरोबरच उपलब्ध जागांचेही कारण होते. मिथक आणि इतिहास किल्ल्यात शोभले. मध्यमवर्गीय घर छोट्या प्रयोगगृहात सामावले. ज्यांना यांपैकी कोणतीही जागा पुरेशी नव्हती, त्यांचा मार्ग अवघड झाला. कोकणातील दशावतारात देवळापुढील अंगणाचा, गावाने रात्रभर जागण्याचा आणि आयत्या वेळी सुचणाऱ्या बोलीचा जो संबंध आहे, तो तिकिटाच्या दोन तासांत आणि प्रमाण हिंदीत आणता येत नाही. अशा प्रकारांचा अभ्यास ‘लोकशैली’ म्हणून झाला, पण नाट्यवाङ्मय म्हणून त्यांची गणना क्वचितच झाली.

विद्यालयाच्या पुढील वाटचालीत या प्रश्नाची जाणीव दिसते. १९७५ मध्ये ते स्वायत्त झाले. आज त्याच्या बहावलपूर हाऊसमधील प्रयोगगृहांची नावेच बोलकी आहेत: ‘सम्मुख’ हे प्रेक्षकाला समोर बसविणाऱ्या मंचाचे नाव, तर ‘बहुमुख’ हे आसनव्यवस्था बदलता येणाऱ्या दालनाचे. एका नावात एक दृष्टिकोण गृहीत आहे, दुसऱ्यात अनेक. १९९९ पासूनच्या भारत रंग महोत्सवाने मूळ भाषांतील प्रयोग दिल्लीत आणले, आणि बंगळुरू, गंगटोक, आगरतळा व वाराणसी येथील केंद्रांमुळे प्रशिक्षणही दिल्लीबाहेर पसरले. २००५ मध्ये मिळालेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा विद्यालयाच्याच विनंतीवरून २०११ मध्ये मागे घेण्यात आला. पदवीची चौकट आणि रंगमंचाची चौकट या दोहोंशी झगडावे लागणे हे नाट्यशिक्षणाचे भागधेयच दिसते.

प्रत्यक्ष विद्यापीठांतील विभागांची स्थिती याहून अवघड आहे. बडोदे, चंडीगड, औरंगाबाद, त्रिशूर, पुणे, हैदराबाद येथील विभागांजवळ किल्ले नाहीत आणि नटमंडळाचा खर्चही त्यांना झेपणारा नाही. परंतु त्यांच्याजवळ स्वतःची भाषा आणि तिच्या बोली आहेत. असा विभाग नवे नाट्यस्थल उभारतो तेव्हा साहित्याच्या अभ्यासकांनी आराखडा निश्चित होण्यापूर्वीच तीन प्रश्न विचारावयास हवेत. या जागेत मागच्या ओळीतील श्रोत्याला बोलीतील हळुवार शब्द ऐकू येईल काय? आसपासच्या प्रदेशातील खेळ आपले रिंगण न मोडता येथे मांडता येतील काय? आणि पहिल्या वर्षाच्या यादीत अशी किमान एक संहिता आहे काय, की जी या जागेवाचून अन्यत्र उभीच राहू शकली नसती? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर नवे नाट्यगृह जुन्याच यादीची पुनरावृत्ती करील. होकारार्थी आली, तर पुढील पिढीच्या पाठ्यक्रमात आज ज्यांना जागा नाही अशा काही नाटकांना ती मिळू शकेल.